जर्मनच्या होडीचं बूड

“होडीत पाणी भरा,” मी म्हणालो, तेव्हा अलकाताई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“पानी बाहेर ऱ्हावं म्हनून आनली इथं,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी आत भरा म्हन्ता.”

मी नळाचा पाइप आत सोडला. गळकी वस्तू तपासायची ही सोपी रीत. होडी तलावात सोडली तर पाणी आत येतं, पण नेमकं कुठून येतं ते कळत नाही. त्यापेक्षा ती लाकडी घोड्यांवर उचलून ठेवायची, आत पाणी भरायचं आणि खालून बघायचं. जिथून थेंब पडेल तिथं खडूची खूण. मी खाली वाकलो आणि थोड्या वेळानं खुणा करणं सोडून दिलं. बुडाचा मागचा भाग चाळणीसारखा गळत होता.

केडगावात पुणे रस्त्याच्या आत माझं लहानसं वर्कशॉप आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत फॅब्रिकेशनला माझी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर आर्गन वेल्डिंग सुरू केलं. अल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही. हवा लागली की जोड खराब होतो, म्हणून जोडावर आर्गन गॅसचा झोत ठेवावा लागतो. ट्रकचे रेडिएटर, शिड्या, डेअरीच्या टाक्या असली कामं येतात. होडी कधी केली नव्हती. खांदा दुखायला लागल्यापासून मोठं काम घेणंही बंद केलं होतं. टेम्पो दारात आला तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. मी बोलत होतो आणि ते नवरा-बायको होडी उतरवत होते.

अलकाताई आणि त्यांचे मालक बबनराव मुळा धरणाच्या फुगवट्याकडच्या एका गावातले. मासेमारी हाच धंदा. होडी बबनरावांच्या वडलांनी कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेली, सपाट बुडाची, अल्युमिनियमची. गावात तिला जर्मनची होडी म्हणतात, भांड्यांना म्हणतात तसं. धरण उतरलं की कडेला गुडघाभर पाणी राहतं आणि त्यात जुन्या बाभळींची खोडं असतात. तिथं सपाट बूड खोडावरून घसरत पुढं जातं. घसरतं म्हणूनच झिजतंही.

मासेमारीवरची पावसाळ्यातली बंदी उठायच्या आत होडी पाण्यात हवी होती. नाही झाली तर काय, असं मी विचारलं. ऊसतोडीचा मुकादम येऊन विचारून गेला होता, असं त्या म्हणाल्या. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. या वयात पहिल्यांदा कोयता धरायचा म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी होडी ठेवून घेतली आणि टेम्पोवाल्याला जा म्हणालो.

बुडावर वर्षानुवर्षांची डागडुजी होती. डांबर, त्यावर एमसील, त्यावर सिमेंट, पुन्हा डांबर. हे तापवून काढता येत नाही. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला सावध करतं. अल्युमिनियम रंग बदलत नाही, एकदम गळून खाली पडतं. म्हणून सगळं हातानं खरवडायचं. दोघं रोज सकाळच्या एसटीनं यायचे आणि पत्र्याच्या पट्ट्या घेऊन बसायचे. अलकाताई अधूनमधून बोलायच्या. बबनराव नाही. मी चहा विचारला तर मान हलवायचे. मला वाटलं, स्वभावच असेल.

खरवडणं झालं, पाण्याची ती तपासणी झाली आणि गळतीचं कारणही सापडलं. बसायची बाकं लोखंडी बोल्टनं बसवली होती आणि बाकाच्या फळीखाली ओलं गोणपाट कायम पडून असायचं. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यातला एक खाल्ला जातो. इथं अल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. प्रत्येक बोल्टभोवती पत्रा कागदासारखा झाला होता.

मी वेल्डिंगला बसलो. पहिलाच जोड काळा पडला, आत बुडबुडे. डांबर पत्र्याच्या खड्ड्यांत मुरलं होतं. पुन्हा घासलं, पुन्हा धरलं. जोड बसला आणि शेजारी बारीक चीर पडली. ती बुजवली, तर तिच्या पुढं दुसरी. संध्याकाळपर्यंत भोकं कमी झाली नव्हती, वाढली होती. असे आणखी दोन-तीन दिवस गेले. अलकाताई नुसत्या बघायच्या. सकाळी शटर उघडताना मला वाटायचं, आज हे दोघं न येवोत.

शेवटी गुंजाळ साहेबांना फोन केला. कंपनीत ते माझे सुपरवायझर होते. आता तेही घरीच असतात.

“होडी मूळची कशानं जोडलेली आहे, साळवे?” त्यांनी विचारलं.

“रिव्हेटनं.”

“मग तू वेल्डिंग का करतोयस?”

“माझ्याकडे वेल्डिंगचं मशीन आहे, साहेब.”

मग त्यांनी नीट समजावलं. पत्रा जुना, कुठला मिश्रधातू आहे ते माहीत नाही. उष्णता दिली की जोडाशेजारचा भाग नरम पडतो आणि तिथंच चिरतो. तापवायचंच नाही, थंडच जोड. कुजका भाग कापून टाक, चिरेच्या टोकाला भोक पाड म्हणजे ती पुढं पळणार नाही, वरून नवा पत्रा फटी बुजवणारं सीलंट लावून रिव्हेट कर. हे सगळं मला नोकरीपासून ठाऊक होतं. थकलेल्या माणसाला हाताजवळचं मशीनच आधी दिसतं.

रिव्हेट म्हणजे टोपी असलेला अल्युमिनियमचा जाड खिळा. टोपी बाहेरून राहते, शेपूट आत येतं. आतून हातोड्यानं शेपूट ठोकून चपटं करायचं. त्या वेळी बाहेरून टोपीवर कुणीतरी लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायला लागतो, नाहीतर रिव्हेट निसटतो. म्हणजे दोन माणसं हवीत. मी होडीत बसलो. बबनरावांना खाली उताणं झोपून ठोकळा धरायला सांगितलं.

ते झोपले. पहिले काही रिव्हेट बरे बसले. मग खालून दाब येईना. वाकून बघितलं तर बबनराव होडीखालून घसटत बाहेर निघाले होते आणि भिंतीला पाठ टेकून बसले होते. अंगाला घाम फुटलेला. श्वास पुरत नव्हता. अलकाताईंनी त्यांच्या डोक्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि त्यांना उठवून बाहेर सावलीला नेऊन बसवलं.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं. होडी गळायला लागल्यापासून बबनराव थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकायला जायचे. धरणावर बरेच जण जातात. गेल्या साली वारा सुटला आणि तराफा उलटा होऊन त्यांच्यावरच पडला. पाय जाळ्यात अडकलेला. पलीकडच्या काठाच्या लोकांनी ओढून काढलं.

“तवापासून पान्यात पाय न्हाई घातला त्यांनी,” त्या म्हणाल्या. “वर काय आसलं की जीव घाबरतो. माझ्या ध्येनात नव्हतं हे खाली झोपायचं.”

“मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही,” मी म्हणालो.

“सांगून काय हुतंय. होडी मलाच चालवायचीय.”

त्यांनी पदर खोचला, ठोकळा उचलला आणि होडीखाली गेल्या. बबनराव बाहेर बसून पत्रे कापून द्यायला लागले. त्यांचा हात त्यात चांगला होता. मला खालचं दिसत नव्हतं आणि अलकाताईंना वरचं. मी एकदा टकटक केलं की त्या दाबायच्या, दोनदा केलं की पुढच्या भोकाला सरकायच्या. रोज संध्याकाळी माझा खांदा वर होत नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांत पत्र्याचा बारीक कीस गेलेला असायचा. लोखंडी बोल्ट सगळे काढले. बाकांखाली बंद तोंडाचे रिकामे कॅन पक्के बांधले, म्हणजे होडी भरली तरी तळाला जाणार नाही. दोनच माणसं बसवायची, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

होडी पाण्यात सोडली तेव्हा मी धरणावर गेलो होतो. अलकाताईंनी वल्हं हातात घेतलं आणि म्हणाल्या, “मिस्त्री, तुमी बसा आधी.”

मला पोहता येत नाही. तसं सांगितलंही. त्या वल्हं धरून थांबून राहिल्या. मी बसलो.

काठ बराच मागं पडला. बूड पाण्याखालच्या खोडाला घासलं की मी बाकाची कड घट्ट धरायचो. मग मागच्या कोपऱ्यात एका रिव्हेटशी ओल दिसली. बघता बघता तिची बारीक धार झाली. मीही बघितली, त्यांनीही.

“हे किती वाढंल?” त्यांनी विचारलं.

खरं तर त्या क्षणी मला काठावर जायचं होतं. पण मी बोट लावून बघितलं. पत्रा हलत नव्हता, रिव्हेट घट्ट होता, कडेनं सीलंट सुटलं होतं. म्हणालो, “दिवसाला डबाभर येईल, तेवढं उपसून टाकायचं. त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी होडी वर काढायची आणि मला फोन करायचा.”

त्यांनी मान हलवली आणि होडी वळवली. काठावर बबनराव कोरड्या जागी उभे होते. अलकाताईंनी त्यांना एकदा हात केला. ते आले नाहीत. अलकाताईंनी दुसऱ्यांदा हात केला नाही.

आता त्या आणि त्यांची जाऊ रोज जातात. बबनराव काठावर जाळी दुरुस्त करतात, मासे रस्त्याला नेऊन विकतात. मुकादमाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. मध्यंतरी फोनवर मी विचारलं, बबनराव बसले का होडीत? “न्हाई,” त्या म्हणाल्या, “आन् मी बसा म्हन्त बी न्हाई.” पाणी डबाभरच येतं म्हणाल्या.

माझा खांदा अजून धड नाही. या कामात मी शिकलो ते एवढंच, की जुनं बूड दुरुस्त करून देताना पाणी येणार नाही असं कुणाला सांगू नये. किती येईल ते सांगावं. माणूस त्या बेतानं डबा सोबत ठेवतो.