नव्या फ्रीझरचा कोर्स

माझी आत्या एकतीस वर्षं लहान मुलांना टोचत आली आहे आणि तरीही मुलं तिला रस्त्यात पाहून पळून जात नाहीत, हे तिचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. बाकीची सर्टिफिकेटं मी मिळवून दिलेली आहेत.

आमच्या आरोग्य केंद्रात आत्या नर्स आणि मी कॉम्प्युटरवरचा कारकून. नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी ठरावीक तासांचे ऑनलाइन कोर्स पुरे करावे लागतात. केंद्रातले सहाही जण ते माझ्याकडून करून घेत. एका खिडकीत व्हिडिओ चालू ठेवायचा, दुसऱ्या खिडकीत रोजचे आकडे भरायचे आणि शेवटी प्रश्न आले की चार उत्तरांतलं सगळ्यात लांबलचक निवडायचं. ही युक्ती सहसा फसत नाही. तिच्या जोरावर मी सुरक्षित बाळंतपणात शहाण्णव टक्के मिळवले आहेत. माझं अजून लग्नही झालेलं नाही.

यंदा मात्र पाचर बसली. कोर्सवाल्यांनी कॅमेरा सक्तीचा केला. दर दहा मिनिटांनी चेहऱ्याचा फोटो निघणार आणि चेहरा भलत्याचाच दिसला तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून. मी आत्याचा चष्मा लावून, अंबाडा बांधून बसावं, असं शिपायाने सुचवून पाहिलं. माझ्या मिशा आड आल्या.

"सात महिन्यांनी रिटायर होणार मी," आत्या म्हणाली. "आता काय शिकायचं राहिलंय?"

"नोंदणी संपली तर ते सात महिने सुईला हात लावता येणार नाही."

"मग काय करू?"

"गोळ्या मोज."

"मेल्या," असं म्हणून ती कॅमेऱ्यासमोर बसली.

रोज दुपारी दोन ते चार, औषधांच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये. पडद्यावर शिकवणारे सर टकले आणि सोशिक दिसत. आत्या त्यांच्याशी घरी आलेल्या पाहुण्यासारखी वागायची. व्हिडिओ थांबवताना "एक मिनिट हं सर, लिहून घेते" म्हणायची. एकदा मला म्हणाली, "आज सरांचा आवाज बसलाय बघ." मी म्हटलं, ते रेकॉर्डिंग तीन वर्षांपूर्वीचं आहे. "मग तेव्हा बसला असेल," ती म्हणाली. सरांना कोणी काही बोललेलं तिला खपत नसे.

चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली. पडद्यावर आइसपॅकचं चित्र थांबवून ठेवलेलं होतं. वस्त्यांमध्ये लसीकरणाला जाताना लशीच्या डब्यात चारी बाजूंनी लावतात ते बर्फाचे चपटे प्लॅस्टिकचे पॅक.

"सर काय म्हणतात ऐक. फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच डब्यात घालायचा नाही. बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, आतलं पाणी हलायला लागलं की मगच घालायचा. नाहीतर त्याला टेकलेली लस गोठते. आणि काही लशी एकदा गोठल्या की त्यांचा जोर जातो."

"बरं मग?"

"बरं मग काय? आपला जुना फ्रीझर आठव. त्यातून पॅक निघायचे तेच घामाघूम. नवा आला तेव्हापासून दगड निघतात दगड. मी ते तसेच डब्यात टाकते आणि बाटल्या त्यांना चिकटवून लावते. जितकं थंड तितकं बरं म्हणून वर खूशही होते." मग चष्मा काढून तिने विचारलं, "नव्या फ्रीझरबरोबर हे शिकवायला कोणी आलं नव्हतं का रे?"

आलं होतं. चाळीस मिनिटांचा कोर्स आला होता. दोन वर्षांपूर्वी, फ्रीझरच्याच आठवड्यात. मी तो सहाजणांच्या नावाने एका दुपारी उरकला होता.

"त्यात हा प्रश्न होता?"

"असेल."

"तू काय उत्तर दिलंस?"

"सगळ्यात लांब असेल ते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चष्मा पुसला आणि उठून फ्रीझर उघडला.

सरांनी पारख करायची रीतही दाखवली होती. आत्याने आदल्या दिवशीच्या वस्तीच्या फेरीतून न उघडता परत आलेली एक बाटली फ्रिजमधून काढली. त्याच खोक्यातली दुसरी रात्रभर मुद्दाम गोठवली आणि सकाळी वितळू दिली. मग दोन्ही एका मुठीत धरून हलवल्या आणि खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ दुधाळ राहते. गोठून वितळलेल्या लशीचा गाळ भराभर खाली बसतो. आम्ही दोघं त्या बाटल्यांकडे बघत उभे राहिलो. मनातल्या मनात मी फेरीतल्या बाटलीची विनवणी करत होतो. पाच मिनिटांत मुद्दाम गोठवलेलीच्या तळाशी पांढरा थर आला, वर पाणी. शेजारचीचंही तेच. गोठवलेलीवर चिठ्ठी चिकटवली नसती तर कुठली कोणती हे सांगता आलं नसतं.

आता कोर्सच्या शेवटी एक लेखी काम होतं: आपल्या कामातली एक उणीव शोधा आणि ती कशी दूर केली ते लिहा. शुक्रवारपर्यंत पाठवायचं, सर स्वतः वाचणार आणि एक प्रत वरच्या ऑफिसला जाणार. असली कामं माझ्याकडे तयार होती. हात धुण्यावर बारा होती, एकाहून एक सुरेख. मी त्यातलं एक तिच्यापुढे ठेवलं.

"हे कोणाचं?"

"सगळ्यांचंच."

"राहू दे. मी डब्याचं लिहिणार."

आमच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्या आणि धसका घेण्यात माझ्यापेक्षा पुढे. आत्या त्यांना हे सांगायला गेली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली आणि दार लोटलं. बाहेरच्या टेबलावर मला सगळं ऐकू येत होतं. ते दार कधीच नीट लागत नाही.

"आजपासून पॅक बाहेर काढून ठेवा, विषय संपला. कागदावर कशाला आणता? चौकशी लागेल. तुमचं पेन्शन अडकेल. कुठल्या मुलाला काही झालंय का?"

"झालं काहीच नाही मॅडम. तीच तर भीती आहे. टोचल्यासारखं वाटतंय आणि आत काही नसेल तर?"

"लोकांनी एकदा ऐकलं ना, की पुन्हा कोणी लस घ्यायला यायचं नाही."

यावर आत्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हा मुद्दा तिलाही लागला असणार. मग म्हणाली, "मॅडम, एकतीस वर्षं लोक माझ्या शब्दावर दंड पुढे करतायत. बाटलीत काय आहे ते त्यांना कुठे कळतं?"

शुक्रवारी तिने दीड पान लिहिलं. मी टाइप केलं, आणि टाइप करताना एक वाक्य माझ्या मनाने घातलं, की नव्या फ्रीझरचा कोर्स कर्मचाऱ्यांच्या वतीने दुसऱ्याने पूर्ण केला होता. तिने ते वाचलं. "तुझी नोकरी जाईल," म्हणाली. मी म्हटलं, "खोडायचं असेल तर खोड." तिने 'दुसऱ्याने' वर बोट ठेवलं. "इथे 'माझ्या सांगण्यावरून' असं घाल." मी घातलं आणि पाठवलं.

सोमवारी सरांचं उत्तर आलं. आम्हाला वाटलं होतं शाबासकी येईल, नाहीतर कानउघाडणी. एकच ओळ होती: "नेमकं कोणत्या तारखेपासून, आणि किती मुलं?"

मग रजिस्टरं निघाली. दोन दुपारी आम्ही दोघं, आणि तिसऱ्या दुपारी आपणहून येऊन बसलेल्या डॉक्टर मॅडम. वस्तीच्या फेरीत त्या डब्यातून टोचलेली मुलं तीनशे एकोणीस. आत्याला त्यांतली अर्धी चेहऱ्याने आठवत होती. नाव वाचताना ती मध्येच "हा चावरा" किंवा "हिची आई फार बोलते" असं पुटपुटे आणि खाली रेघ मारे.

वरच्या ऑफिसने दोन पत्रं पाठवली. एकात आम्हा दोघांकडे खुलासा मागितला होता, त्याचा निकाल अजून लागायचा आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की या मुलांना पुन्हा डोस द्यावा, कारण समजावून. सरांनी आत्याला पास केलं, त्यामुळे नोंदणी झाली आणि सुई तिच्याच हातात राहिली. कारण समजावणंही मग तिच्याकडेच आलं.

पहिल्या घरी दार उघडलं ते मुलाला कडेवर घेतलेल्या आईने. आत्याला बघून ती हसली.

"बाई, आज कशा? याचं तर सगळं झालंय ना?"

"झालंय. पण एक पुन्हा टोचावं लागेल."

"पुन्हा का?"

मी मागे रजिस्टर घेऊन उभा. ऑफिसने कागदावर एक वाक्य छापून दिलं होतं, 'साठवणुकीतील तांत्रिक कारणामुळे' वगैरे. आत्याने कागद घडी घालून पिशवीत टाकला.

"माझ्या डब्यात ती लस गोठली होती," ती म्हणाली. "मला कळलं नाही. कळायला हवं होतं. पोराला अपाय काही नाही, पण उपयोग झाला असेल की नाही ते मी सांगू शकत नाही."

आईचं हसू गेलं. तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. आम्हाला तुटक ऐकू आलं. "हो, बाईच आल्यात… नाही, स्वतःच सांगतायत… मला काय माहीत…" मग ती परत आली आणि दारातच उभी राहिली.

"पुढच्या घरी जाऊन या. मग बघते."

"येते जाऊन," आत्या म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी रजिस्टर उघडलं. त्यात दोनच रकाने होते, 'दिली' आणि 'नाकारली'. "कुठे खूण करू?" मी विचारलं.

"कुठेच नको," ती म्हणाली आणि पुढच्या घराचं फाटक ढकललं. "परतताना यायचंय इथे."