मुनसामीचा सरळ रस्ता

मुनसामी गौंडनच्या बोटात टायरची तार घुसली तेव्हा तो ओरडला नाही. नुसता बघत राहिला. सेफाची उसाची लॉरी ब्रेक करकरतात म्हणून त्याच्या शेडमध्ये आली होती. सवयीनं त्यानं पुढच्या उजव्या टायरच्या कडेवरून हात फिरवला, तर रबर संपून आतली तार बाहेर आली होती. आणि याच लॉरीचे पुढच्या स्प्रिंगचे पाटे, किंगपिन, टाय रॉडची टोकं त्यानं स्वतः एप्रिलमध्ये बदलली होती!

"किती जुना टायर हा?"

"तीन आठवडे झाले, काका," सेफा म्हणाला.

"तीन आठवड्यांत तार? काय नांगरायला जुंपलास काय रे लॉरीला?"

"एक कड झिजली की रिमवर उलटा घालतो. दुसरीही झिजली की टाकून देतो. सगळे असंच करतात."

मुनसामीनं बोट तोंडात घातलं. सगळे असंच करतात हे त्याला आजच कळत होतं.

सेआंगांगा गावात तीस वर्षं लॉऱ्यांच्या पुढच्या चाकांचं काम म्हणजे मुनसामी, दुसरं नाव नाही. बाप ऊस तोडून तोडून वाकला, पोरानं साखरेच्या गिरणीच्या गॅरेजात पाने हातात घेतले आणि मग घरामागं स्वतःची शेड टाकली. गळीत सुरू व्हायच्या आधी लॉऱ्या रांगेनं यायच्या. पाटे बदलून झाले की मालक हमखास विचारायचा, "आता शहरात, लंबासाला जाऊन अलाइनमेंट करावी लागेल का?" मुनसामीला हा प्रश्न शिवीसारखा लागायचा. "मशीनला डोळे असतात का? मला आहेत. चल बस." मग लॉरी काढून पाइनच्या रानाजवळच्या सरळ रस्त्यावर न्यायची, वेग धरला की दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडायचे. गाडी डावीकडे गेली की यू-बोल्ट सैल करून, पहारीनं अ‍ॅक्सल केसभर सरकवायचा आणि पुन्हा परीक्षा. ती दोरीसारखी सरळ धावली की परत आणून पुढच्या चाकाखाली नारळ फोडायचा, यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घ्यायची, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती कुटून, पाण्यात कालवून, अंग सुस्तावेपर्यंत प्यायची. गर्व होताच त्याला. कामाचा होता, म्हणून लोक चालवून घेत.

"ओढते का गाडी?" त्यानं सेफाला विचारलं.

"थोडी उजवीकडे. गिरणीच्या सपाट रस्त्याला लागलं की स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचं. हाताला सवय होते."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"त्यात सांगायचं काय, काका? आपल्या सगळ्याच लॉऱ्या ओढतात उजवीकडे."

"सगळ्या म्हणजे कुणाच्या?"

"तुम्ही केलेल्या," सेफा म्हणाला. आज वार कोणता हे सांगावं तसं. मग मुनसामीचा चेहरा पाहून तो वरमला. "आम्हाला वाटायचं, नवे पाटे असेच असतात. आणि तुमच्या तोंडावर कोण बोलणार? तुम्ही नारळ फोडलेली गाडी."

मुनसामीचं डोकं सणकलं. टायर बदलायला लावून तो स्वतः लॉरीत चढला. "चल. दाखव मला. तुम्हा लोकांना गाडी चालवता येत नाही, ते सांगा!"

पाइनच्या रानाजवळ त्यानं सेफाला हात सोडायला लावले. लॉरी सरळ गेली, रेघ मारावी तशी. "बघ! बघितलंस?" तो जवळजवळ हसला. गिरणीजवळच्या सपाट रस्त्यावर पोचल्यावर सेफानं पुन्हा हात उचलले, आणि लॉरीचं तोंड उजवीकडे वळलं. मधली रेघ चाकाखाली गेली. समोरून बस येत होती, तिचा भोंगा वाजायला लागला. सेफानं झटक्यात स्टिअरिंग ओढलं. गेली कित्येक वर्षं मुनसामी या रस्त्यानं लंबासाला जायचा तो बसनं. आपली लॉरी इथं काय करते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना त्यानं पाइनच्या रानाजवळ लॉरी थांबवायला सांगितली. खाली उतरून आपल्या बाटलीतलं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतलं. पाणी जरासुद्धा घुटमळलं नाही, सगळंच्या सगळं जातानाच्या डावीकडच्या चरात पळालं. डोंगर कापून केलेला रस्ता, सगळाच डावीकडे कललेला. पावसात इथं उभं राहून त्याचे बूट किती वेळा भिजले होते, पण ही गोष्ट कधी डोक्यात शिरली नाही. या रस्त्यावर चांगली लॉरी डावीकडेच जायला हवी होती. इथं सरळ धावणारी प्रत्येक लॉरी वाकडी होती, आणि ती त्यानं पहारीनं वाकडी केली होती. परत येताना हाच उतार उजवीकडे पडायचा, पण तेव्हा हात सोडून बघायची पद्धत नव्हती, नाहीतर पहिल्याच वर्षी कळलं असतं.

"काका, बसा जरा. रंग उडालाय तुमचा."

"सेफा, जगदेवची लॉरी कुठं गेली होती रे झाडावर?"

दोघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मुनसामीचा जिवलग मित्र जगदेव त्याच सपाट रस्त्यावर, भर सकाळी, लॉरी उजवीकडे घेऊन चिंचेवर आदळला आणि जागीच गेला. सगळे म्हणाले, झोप लागली. मुनसामी सगळ्यांत आधी म्हणाला होता, आदल्या रात्री यांगोना जास्त झाली होती म्हणून. जगदेवच्या बायकोनं, सोनमतीनं, तेव्हा एकदाच विचारलं होतं, "दादा, त्यांच्या हातात अर्धी रोटी होती. झोपलेला माणूस रोटी खातो का?" आणि मुनसामीनंच तिला, आता कशाला उगाळतेस, म्हणून गप्प केलं होतं. जगदेवच्या लॉरीचे किंगपिन त्यानंच बदलून तेव्हा तीनच आठवडे झाले होते.

"माझ्या हातची एकूण एक लॉरी लंबासाच्या मशीनवर जाईल," तो म्हणाला. "उद्यापासून नाही, आजपासून. तुझी पहिली. रिकामी ने, आणि स्टिअरिंग सोडू नकोस. सगळ्यांना सांग, मुनसामीनं सांगितलंय. शिव्या देतील, देऊ देत." आणि तो लॉरीत न बसता चालायला लागला.

सोनमती अंगणात चुलीपाशी रोट्या शेकत होती. त्याला बघून तिनं पदर सावरला. "या दादा. बसा, चहा टाकते."

तो बसला नाही.

"सोनमती, तू म्हणाली होतीस, जगदेवच्या हातात रोटी होती."

तिच्या हातातला चिमटा थांबला. "होती. बटाट्याची भाजी गुंडाळून दिली होती मी. दोन वर्षं मी स्वतःला खाते आहे दादा, की त्या रात्री मी त्यांना लवकर का नाही उठवून आणलं तुमच्यातून."

"तो झोपला नव्हता. खायला एक हात सोडला असेल, तेवढंच. गाडी उजवीकडे ओढली गेली."

तव्यावरची रोटी जळायला लागली होती. ती तिनं उचलली नाही.

"ओढली गेली म्हणजे? कुणी ओढली?"

"मी," मुनसामी म्हणाला.