चिखलातले तोडे

माझ्या खोलीसोबत्याइतका माणसांकडे बारकाईने पाहणारा आणि तरीही एकाचाही चेहरा लक्षात न ठेवणारा इसम सबंध चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्यातच मोडायची, म्हणजे केवढ्या मुलखाबद्दल बोलतोय ते ध्यानात घ्या. हा माणसं ओळखायचा ती कानांवरून, गळ्यावरून, मनगटांवरून. एकदा मूलच्या स्टेशनवर आम्ही छोट्या गाडीतून उतरलो, तर त्याची सख्खी मावशी घ्यायला आलेली, आणि हा तिच्या शेजारून सरळ निघून गेला. मी हाताला धरून परत आणला, तेव्हा तिच्या कानांकडे बघून म्हणाला, "मावशे, बुगड्या नाई घातल्या त मी ओळखू कसा?" बुगड्या घरात वाटण्या होऊन थोरल्या जावेकडे गेल्या होत्या. मावशी तिथेच डोळ्यांना पदर लावून बसली. आणि हा तिची समजूत घालावी म्हणून घरापर्यंत तिला सांगत राहिला, की त्या बुगड्यांचा फिरकीचा आटा मुळातच तिरपा होता, गेल्या ते बरं झालं.

पन्नास सालानंतरचा तो काळ. आम्ही दोघं मूलकडचे, आगगाडीने दोन दिवस लागतील इतक्या लांबच्या एका विद्यापीठात शिकायला गेलो. मी अर्थशास्त्राला, आणि तो दागिने व धातुकामाच्या आराखड्याला. असा काही विषय विद्यापीठात असतो हे गावात कोणाला पटायचं नाही. त्याच्या वडिलांची धानाची शेती. सोनाराचा पोरगा बापाच्या मांडीवर बसून जे शिकतो, ते शिकायला आपला पोरगा दोन दिवस गाडीत बसून जातो, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. कोणी विचारलं तर ते म्हणत, "शिकून राह्यला काईतरी. सोन्याचं आहे म्हनते, पन आनत त पितळच आहे." सुटीत हा आला की शेजारपाजारचे गळकी घागर, तुटका कंदील, दांडा निखळलेली पळी घेऊन दारात हजर. तो कोणालाही परत पाठवत नसे. डाक लावून सांधायचा, कानस मारायचा, वर घागरीच्या गळ्याचं वळण चुकलं आहे असं सांगून मालकिणीचं मन दुखवायचा.

त्याच्या अभ्यासाच्या तऱ्हा मी खोलीत राहून भोगल्या. ज्योत धातूवर नेमकी धरायची तर तोंडाने फुंकणी अखंड फुंकावी लागते, मध्ये श्वास घ्यायला थांबलात की डाक बिघडला. म्हणून गालात हवा कोंडून ठेवायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा, असा त्यांच्या विभागातला धडा होता. हा तो धडा चालता-बोलता गिरवायचा. वर्गात गाल फुगलेले, भोजनगृहाच्या रांगेत गाल फुगलेले. सुटीत आलो असताना मूलच्या एका भातगिरणीवाल्यांची आई वारली, तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. ओसरीवर सगळे खाली माना घालून बसलेले, आणि हा गाल टम्म फुगवून, डोळे विस्फारून, नाकाने सूं सूं करत बसलेला. समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं, पोरगं हसू दाबून राह्यलं. मी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्याने हवा सोडली आणि आनंदाने सांगितलं, की आज पहिल्यांदा मध्ये खंड पडला नाही.

पण सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे जो दागिना करायचा तो आधी स्वतः घालून बघायचा. नुसता घालून नाही, घालून जगायचं. त्याच्या सदऱ्याच्या आत कधी ठुशी असे, कधी बाहीखाली वाकी. एक आठवडा तो नाकात चापाची नथ लावून झोपला. सकाळी नाक लाल. वसतिगृहातली पोरं जमून बघायची. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी सराफीच्या पेढ्या होत्या. त्यांनी नथी विकल्या होत्या, पण घातली कोणीच नव्हती. मी चिडून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "जे घालून मले झोप येत नाई, ते मी दुसऱ्याच्या लेकीच्या अंगावर कसं घालू?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी हसलो. त्याच्या बाबतीत उत्तर नसलं की हसायचं, ही सवय मला तिथेच लागली.

तिथे त्याला माझ्याखेरीज कोणी नव्हतं. तिथल्या पोरांची भाषा त्याला धड जमत नसे आणि त्याची बोली ऐकून ते एकमेकांना कोपरखळ्या मारत. सणाला वसतिगृह ओस पडायचं. आम्ही दोघं तेवढ्या प्रवासाला कुठे जाणार? मग तो खिडकीत बसून ठोकायच्या हातोडीने गजांवर हलके हलके आवाज करत आमच्या बांध्यांबद्दल बोलायचा. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं, बांध घातलेलं शेत. "रोवणीत बाया दिवसभर चिखलात वाकून असते बे," तो म्हणायचा. "लग्नातले तोडे पायात, काढले त सासू बोलते. कड्यांमधी चिखल घुसते, घोटे सोलते, मंग चिखल्या होते. त्याइच्यासाठी कोनी दागिना केलाच काऊन नाई?" मी म्हणायचो, झोप आता.

माझं शिक्षण आधी संपलं आणि मी मूलला भातगिरणीच्या कचेरीत लागलो. त्याच्या शेवटच्या वर्षाला गुरूंनी सांगितलं, की ज्याने त्याने आपल्या मुलखाचा दागिना करून आणावा. तो ऐन श्रावणात रजा काढून आला. त्याने पितळेचे तोडे घडवून आणले होते. कडी-साखळी काही नाही, गुळगुळीत, आतून उतरता काठ दिलेला, म्हणजे चिखल आत न थांबता खाली सरकावा. आता ते घालून बघायचे तर कुठे, हे वेगळं सांगायला नको. धोतराचा काचा मारून, पायात तोडे घालून तो बापाच्या बांधीत उतरला आणि बायांच्या रांगेत परे, म्हणजे धानाची रोपं, लावू लागला. आधी रांगेतले हात थांबले. मग एका म्हातारीने विचारलं, "काऊन जी नवरीबाई, सासू कुठी आहे?" आणि जो हशा उसळला तो शेजारच्या बांध्यांपर्यंत गेला. हा वाकलेलाच. दुपारपर्यंत कोणी त्याला वहिनी म्हणे, कोणी त्याला उखाणा घ्यायला लावी, आणि तो प्रत्येकीला उलट विचारी, "बाई, तुमचा कुठी रुतते? आत का मागं?" जेवणवेळेपर्यंत त्या आपणहून त्याला आपापले घोटे दाखवायला लागल्या होत्या. तो बांधावर आला, पाय धुतले, तोडे काढले. त्याचे दोन्ही घोटे मागच्या बाजूने सोलून निघाले होते. त्याने कानस काढली आणि जिथे लागलं होतं तेवढाच काठ घासायला बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण गावभर जेव्हा हा किस्सा मी सांगितला, तेव्हा तो "नवरीबाई"वर संपवला. घोट्यांवर कोणी हसत नाही.

किस्सा सांगण्यात मी पटाईत होतो. गिरणीत तांदूळ घ्यायला आलेला माणूस तो ऐकल्याशिवाय जात नसे.

त्याच हिवाळ्याच्या सुटीत त्याचं जमत आलं. मुलगी वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या वाटेवरच्या गावातली, एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींची. बघायला मीही गेलो होतो. मुलीला कोणाचे तरी मागून आणलेले जड झुबे घातले होते. वडीलधारी मंडळी शिक्षणाचं, स्वयंपाकाचं विचारत होती, आणि हा नेहमीप्रमाणे कानांकडे बघत बसलेला. त्याला म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. त्याने विचारलं, "कान दुखते का?" मुलीने वर बघितलं आणि म्हणाली, "सकाळपासून दुखून राह्यले." तो म्हणाला, "मंग काढा ना." आणि तिने खरंच तिथे, सगळ्यांदेखत, झुबे काढून मांडीवर ठेवले. मग दोघंही हसले. परतीच्या वाटेवर नावेत बसल्यावर त्याने मला सांगितलं, की तिच्या उजव्या भुवईच्या टोकाला एक बारीक तीळ आहे. मला आश्चर्य वाटलं ते त्याने चेहरा पाहिला ह्याचं. त्यानंतर तो जितका बोलला तितका मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही, आणि सगळं तिच्याबद्दल.

आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी मुलीचा बाप मुलाच्या ओळखीपाळखीत चौकशी करतो. गुरुजी नदी ओलांडून थेट गिरणीत माझ्याकडे आले. मी चहा मागवला. मुलगा निर्व्यसनी आहे, हुशार आहे, मनाने लोण्यासारखा आहे, सगळं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं. गुरुजी मान डोलवत होते. मग मी त्यांना फुंकणीचा किस्सा सांगितला. ते इतके छान हसले, की मला राहवेना. मी तोड्यांचा काढला. उठून, धोतराचा काचा मारून, वाकून दाखवलं. हमाल जमले. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग, आणखी हशा यावा म्हणून, मी शेवटाला एक शेपूट जोडलं: रोवणी संपली तरी पठ्ठ्याने तोडे काढले नाहीत, घरी जाऊन आरशापुढे छुमछुम चालून बघत होता. आरसा नव्हता, छुमछुम नव्हती. त्या तोड्यांना घुंगरूच नव्हते. गुरुजी हसले, पण आधीइतके नाही. उपरण्याने डोळे पुसले, चहा अर्धा ठेवून उठले आणि म्हणाले, "येतो जी."

आठवड्याभराने निरोप आला, की मुलगी अजून लहान आहे, दोन वर्षं बघू. असा निरोप आमच्याकडे कोणालाही कळतो. त्याला मात्र कळला नाही. त्याला वाटलं, दोन वर्षं थांबायचं आहे. तो थांबला. विद्यापीठात त्या तोड्यांना पहिला क्रमांक मिळाला, तो परत आला, मूलच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न आरमोरीकडे झाल्याचं आम्हाला बाजारात कळलं. तो भाजी घेत होता. पिशवी तशीच धरून त्याने मला विचारलं, "गुरुजी तुह्याकडे आले होते का बे? काई इचारलं होतं?"

मी म्हटलं, "नाई."

एवढाच शब्द. त्याने मान हलवली आणि वांगी निवडायला लागला.

त्याने लग्न केलं नाही. पुढे स्थळं आली, पण माझा किस्सा त्याच्या आधी पोचलेला असे, शेपटासकट. तो एका खोलीत राहायचा, शाळा सुटली की तोडे घडवायचा, रोवणीच्या आधी बाया ते घेऊन जायच्या. माझा संसार झाला, पोरं नागपूरला गेली, बायको वारली. मग संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊन बसू लागलो. तो मला बसायला आपली एकुलती खुर्ची द्यायचा आणि स्वतः ऐरणीच्या ओंडक्यावर बसायचा.

एकदा त्याचे जुने विद्यार्थी आले होते. गप्पांत त्यानेच मला म्हटलं, "तो रोवणीचा किस्सा सांग ना बे. तू चांगला सांगते." मी नको म्हटलं. पोरांनी धरलं. मी सांगितला, सवयीने आरशापर्यंत सांगितला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. पोरं गेल्यावर त्याने कप गोळा केले. पाठमोरा असतानाच म्हणाला, "आरसा नव्हता आपल्या घरी."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"गुरुजीलेई सांगितलं होतं ना हे?"

गुरुजींनी कधीतरी त्यालाच सांगितलं होतं म्हणे, फार वर्षांपूर्वी, आरमोरीच्या बसमध्ये भेटले तेव्हा. म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यासमोर ओंडक्यावर बसत होता, ते हे माहीत असून. मी कसंबसं विचारलं, की मग बोलला का नाहीस, मला दारात उभं तरी का केलंस. त्याने कप विसळून पालथे घातले.

"तुले सोडलं असतं, त बोललो कोनासंग असतो?"

ह्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी उठलो. तो नेहमी मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला यायचा, तसा त्या दिवशीही चपला घालून निघाला. कोपरा आला, पण आम्ही थांबलो नाही. बोलत नव्हतो, नुसते चालत होतो. माझं घर आलं. मी कुलूप काढलं, आतल्या अंधाराकडे बघितलं आणि म्हटलं, चल, आता मी तुला पोचवतो. त्याच्या दारात पोचलो, तर त्याने कडीला हात लावला आणि परत फिरला. "चाल, तुले सोडून देतो." रस्त्यावरच्या बाया ओट्यांवरून बघत होत्या, हे दोन म्हातारे येरझाऱ्या का घालतात म्हणून. शेवटी कोण कोणाच्या दारात थांबला ते मला आठवत नाही. विचारावं तर तो आता नाही.