लाल दोऱ्यामागची पानं

करीमचाचांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. सावद्याच्या बाजारात ज्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे, ते करीमचाचा. त्यांनी मला वाचती ठेवलं नसतं तर आज हा कागद पुढ्यात घ्यायची माझी छाती झाली नसती. वाचनालयाच्या नानांनी कळवलंय की गाव सोडून गेलेल्या सगळ्यांनी लिहा, सध्या काय वाचता आणि कसं वाटतंय. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मी आधी घरातली सगळी कामं काढून बसते. पण वाचण्याबद्दल कुणी विचारलं की मला गप्पही बसवत नाही. त्यापायी एकदा केवढा घोळ घातला होता, ते गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि चौथ्या दिवशी मी दिल्लीला निघाले. आमचे हे भडगावचे, पण दिल्लीच्या मंडीत केळी पिकवायच्या वखारीवर कामाला. स्टेशनवर आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “तठी गेल्यावर कमी बोलजो, माय. परक्या गावात तोंड सांभाळजो.” गाडी आली, ट्रंक चढली, तेवढ्यात करीमचाचा सायकल ढकलत धावत आले. बोटांना खळ तशीच चिकटलेली. त्यांनी खिडकीतून वाचनालयाची एक जाड कादंबरी आत दिली. पाठ अजून ओलसर होती.

चाचांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ओट्यावर बसायचे आणि वाचनालयातून शिवायला आलेली फाटकी पुस्तकं मोठ्यानं वाचायचे. ते ऐकत ऐकत शिवायचे. गोष्ट रंगात आली की त्यांची सुई हवेत थांबायची. “आगे क्या हुआ?” म्हणायचे, “थांबतीस कायको?”

गाडी हलली तशी चाचा खिडकीबरोबर चालू लागले. “बेटी, पढ़के वापस भेजना. और कार्ड लिखना. किताब कैसी लगी, बस इतना.”

सावद्याहून दिल्लीला केळीचे ट्रक येतात, हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्याच महिन्यात ड्रायव्हरच्या सीटमागून एक गाठोडं आलं. वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळलेलं पुस्तक! मी ते पान आधी नाकाला लावलं, मग पुस्तक उघडलं. एका खोलीचं घर, समोर भिंत, गल्लीतल्या सगळ्या भाभ्या भरभर हिंदी बोलणाऱ्या. मी आईचं ऐकून इतकं कमी बोलत होते की मकानमालकिणीनं यांना विचारलं म्हणे, “बहू गूँगी है क्या?” आणि ही गूँगी दुपारी दार लावून, कणकेचे हात पुसून, कादंबरीतल्या माणसांशी भांडत होती.

पुस्तक परत जायचं, त्याच्यामागे पोस्टकार्ड. “चाचा, या पुस्तकानं माझ्या दोन पोळ्या करपवल्या.” “चाचा, यातल्या सासूला एकदा मंडीत हमालीला पाठवा.” पोस्टमन दुकानात बसून कार्ड वाचून दाखवायचा, चाचा हसायचे आणि ते कार्ड पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाकायचे. लोक पुस्तक नेताना आधी पुठ्ठा उघडून बघायला लागले, दिल्लीवालीनं काय लिहिलंय म्हणून. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं, तेव्हा दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग ती खुनाची कादंबरी आली. समुद्राकाठचा बंगला, जहागीरदाराचा खून आणि घरात नऊ माणसं. मी दोन दिवसांत संपवली. वरण उतू गेलं, नळाचं पाणी येऊन गेलं, मला पत्ता नाही. शेवटचं पान मिटलं आणि लगेच कार्ड ओढलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, “चाचा! आंधळी आत्या आंधळी नाहीच! तिनंच केलं!”

मला वाटलं, मी चाचांशी बोलतेय. ओट्यावर बसून बोलायचे तशीच. पण त्या आठवड्यात पोस्टमन रजेवर होता. बदली माणूस कार्ड टाकून निघून गेला. पुस्तकासाठी वाचनालयात रांग लागलेली. चाचांनी कुणाकडून वाचून न घेताच कार्डावर खळ लावली आणि नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याला चिकटवलं.

पुढचं ऐकलं ते ट्रकच्या ड्रायव्हरकडून. पहिल्या वाचकानं पुठ्ठा उघडला आणि पुस्तक तिथंच टेबलावर आपटलं. नाना लाल झाले. “त्या पोरीले म्हना, पुस्तक वाच, पन तोंड शिव! आता दिल्लीले एक पान बी जानार नाही!”

आमचे हे पोट धरून हसले. “बठ्ठं गाव तुले शिव्या दी राह्यनं,” म्हणाले. अख्ख्या गावाच्या शिव्या ऐकून मी मात्र ताट सरकवून उठले. आईनं जाताना एकच गोष्ट सांगितली होती, आणि मी पोस्टकार्डावरसुद्धा तोंड सांभाळू शकले नव्हते. ट्रक आला, पुस्तक नाही. दुसरा आला, नाही. तिसऱ्याला मी स्वतः मंडीच्या फाटकापर्यंत गेले. ड्रायव्हरनं नुसतीच मान हलवली. पुडीचे कागद वाचले, भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या, कूलरच्या खोक्यावरच्या सूचना पाठ झाल्या. माफीचं कार्ड चारदा लिहिलं, चारदा फाडलं. सावदा माझ्या हातून सुटलं असं वाटायला लागलं होतं.

चौथ्या ट्रकमधून गाठोडं आलं.

नवी कादंबरी होती. पण शेवटची वीसेक पानं बाहेरच्या कडेनं लाल दोऱ्यानं शिवून बंद केलेली! दोरा कापल्याशिवाय डोकावता येऊ नये अशी. आणि त्यांच्याही मागे रेघांचे कोरे कागद बांधलेले. पहिल्या कागदावर नानांचं ठसठशीत अक्षर: “वाचकांनी आपले मत येथे लिहावे. शेवट सांगू नये. दिल्लीकरांनी विशेष लक्ष द्यावे.”

ड्रायव्हर म्हणाला, करीमचाचा स्वतः वाचनालयात गेले होते. “गलती लड़की की नहीं, नाना. चिपकाया मैंने है.” आणि सबंध पेठेसमोर कान धरून उभे राहिले, साठीतला माणूस. नाना ओशाळले. मग चाचाच म्हणाले, “मुँह काहे को सीना, पन्ने सी देता हूँ.” तेव्हापासून प्रत्येक वाचक दोरा कापतो आणि पुस्तक परत आलं की चाचा पुन्हा शिवतात. प्रत्येक वेळी.

पुढच्या कागदावर अक्षर माहेरच्या शेजारणीचं, लताअक्काचं होतं, बोलणं आईचं. आईला वाचता येत नाही, म्हणून अक्का तिला पुस्तकं वाचून दाखवायला लागली होती. “मागल्या पुस्तकाचं कोनी मले सांगायची गरज नव्हती. वांग्यातली अळी तिले दिसली, तवाच म्या वयखलं, थे बाई आंधळी नाही. तू खुशाल बोल, माय.”

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. मकानमालकीण दारात येऊन उभी राहिली. मी तिला बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या हिंदीत. शेवट सोडून! “फिर? फिर क्या हुआ?” ती विचारत राहिली. त्या दिवसापासून माझी जीभ दिल्लीत मोकळी झाली.

याला आता आठ-नऊ वर्षं झाली. घरात रंगीत टीव्ही आला, मुलगी हिंदी शाळेत जाते. सावद्याला येणं होतं, पण लग्नकार्यापुरतं, धावतपळत. माझं खरं माहेर त्या मागच्या रेघांच्या कागदांवर आहे. तिथं आई मत देते, नाना खोड्या काढतात, आणि पुस्तकं आता भडगावलाही जातात, तर तिथली नणंद सगळ्यांशी वाद घालते.

तर नाना, सध्या काय वाचते? बोटीवर हरवलेल्या दोन भावांची कादंबरी वाचतेय आणि बाई गं, काय सांगू! काल भाजी चिरताना उचकी लागली, तर वाटलं, ते भाऊच माझी आठवण काढताहेत. लाल दोऱ्यापाशी येऊन पोचलेय. पण या वेळी टाके वाकडे आहेत, एका जागी दोरा दोनदा गेलाय. ड्रायव्हर म्हणतो, चाचांना आता नीट दिसत नाही.

म्हणून दोरा कापलेला नाही. पुस्तकाला उशीर होईल, नाना, रागवू नका. चाचा, मी येईन. लग्नकार्याला नाही, तुमच्याचकडे येईन. तुमच्या ओट्यावर बसून हे पुस्तक पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचेन, आणि दोरा तुमच्या हातानं कापून घेईन. तोवर त्या भावांचं काय झालं, मलाही ठाऊक नाही.