मंगलच्या वर्गात बसणाऱ्या आपा

"दादा, आपा गेल्या." फोनवर मंगलचा बाप होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मंग उद्या शाळंत पोरीसंगं कोन बसनार?" मला संताप आला. माणूस गेलंय आणि याला शाळेचं पडलंय! दीड महिना झाला त्या फोनला. शमीमआपांबद्दल याहून खरं कुणी काही बोललं नाही, हे आता कळतंय...

आपा जुन्नरच्या. डोंगरातली कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीला खाली बेल्ह्याकडे उतरतात, पोरं बरोबर येतात आणि त्यांची गावची शाळा तुटते. त्या पोरांसाठी आपा बेल्ह्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग चालवायच्या. असे वर्ग बाकीचेही चालवतात. फोटो निघतात, अहवाल जातात, जूनमध्ये पोरगं गावी परतलं की विषय संपला! आपांचं काम तिथून सुरू व्हायचं. पोराला घेऊन त्या तळेघरची एसटी धरायच्या, पुढे वाडीपर्यंत चालायच्या आणि त्याच्याच वर्गात मागे भिंतीला टेकून बसायच्या. आठ दिवस, पंधरा दिवस. गुरुजी हजेरीला त्या पोराचं नाव सहज पुकारायला लागले आणि पोर न अडखळता 'हजर' म्हणालं, की पिशवी उचलायच्या. "कागूद दिल्यानं पोर शाळंत जात न्हाई, बेटा. मास्तरच्या तोंडात नाव बसावं लागतं."

मी मजुरांच्या प्रश्नांवर पत्रकं काढणारा. "तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हंच लई," आपा चिडवायच्या, "येखाद दिशी वाचनाराच्या डोळ्यात जातील." मंगल बारा वर्षांची, यंदा सहावीत परतली. पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले, "आल्या का पाहुण्या? मुक्काम किती दिवस?" वर्ग हसला. मंगलने ते मला सांगितलं आणि मी ते वाक्य शाळेच्या नावासकट छापलं. बेल्ह्याच्या बाजारात वाटलं, तळेघरच्या एसटीत वाटलं. आपांना विचारलंसुद्धा नाही. या लेखात शाळेचं नाव नाही, तेवढं शिकलोय. वाक्य कुणी बाहेर नेलं हे गुरुजींना कळलंच. त्यांनी पोरीला मारलं नाही, हाकललं नाही. फक्त तिचं नाव पुकारणं सोडलं. कागदावर हजेरी लागायची, वरून साहेब आला तर सगळं चोख. पुकारताना मात्र तिच्या आधीचं नाव आणि मग थेट तिच्या नंतरचं.

आपा पत्रक वाचून एवढंच म्हणाल्या, "खरं लिवलंस. पन वर्गात तुला बसायचं न्हवतं, तिला बसायचं व्हतं." मग पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. गुडघे धरून त्या चढ चढायच्या. माफी मागायला मी येतो म्हणालो, तर म्हणाल्या, "तू आता खालीच थांब." शेवटी शेवटी गुरुजी त्यांना खुर्ची द्यायला लागले होते. "ईल, ईल नाव तोंडात," आपा फोनवर म्हणाल्या. चार दिवसांनी त्यांचं हृदय थांबलं.

त्यांच्या जागी मी जाऊन बसलो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मंगल आलीच नाही. "तुमी असलं की गुरुजी लईच तोंड फिरवत्यात," म्हणाली. दिवाळी झाली, तिचं घर खाली उतरलं. शेडला कुलूप आहे. मंगल टोमॅटोच्या शेतात मोठ्या बायांच्या ओळीत असते.

परवा आपांच्या सुनेने घरी बोलावलं. शिलाई मशीनवर मंगलचा गणवेश घडी करून ठेवलेला होता. परतणाऱ्या प्रत्येक पोराचा गणवेश आपा स्वतः शिवायच्या आणि नाव पुकारलं त्या दिवशीच द्यायच्या, हे पोरांना पक्कं ठाऊक. सुनेने खालची शिवण उलटून दाखवली. आत चार बोटं कापड दुमडलेलं. वर्षाला एक बोट सोडायचं. "सातवी, आठवी, नववी, धावी," ती बोटं मोडत गेली...

मी तो गणवेश शेतावर घेऊन गेलो. बघताच मंगल सरीतून पळत आली. "गुरुजींनी नाव पुकारलं?"

मी नाही म्हणालो.

तिने पुढे केलेले मातीचे हात मागे घेतले. "मंग ठिवा तुमच्याकडंच," म्हणाली, "हितं मळंल."