दहाव्याला सांगितलेला सामना

माझा थोरला भाऊ धुळ्याच्या क्लबात टेनिसचा मार्कर होता. मेंबरांशी खेळायचं आणि त्यांना खूश ठेवून घरी पाठवायचं, ही त्याची नोकरी. तो गेला. दहाव्याला क्लबातले एक वकील आमच्या सतरंजीवर येऊन बसले. सांत्वनाचे दोन शब्द झाले न झाले, तोच त्यांनी स्वतःचा पराक्रम काढला.

"पहिला सेट गेला होता, दुसराही जात आला होता. लोक उठून चालले होते. तिथून मी सामना फिरवला! तुमचा भाऊ पार दमला हो."

दमला! रोज संध्याकाळी एकामागून एक मेंबर खेळवणारा माझा भाऊ या ढेरपोट्यापुढे दमला!

दाराआडून वहिनी म्हणाली, "वकीलसाहेब, तुमले जिकाडाना त्यासले पगार भेटे."

वकील हसले. "मला जिंकवायचा पगार? बाईमाणसाला खेळातलं काय कळणार?"

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणालो, "शेवटचे चेंडू तो मुद्दाम जाळ्यात मारत होता, हे तुम्हाला तरी कुठे कळलं?"

ते ताडकन उठून गेले. चुलत्यांनी मला मागे जाऊन माफी मागायला सांगितलं. मी जागचा हललो नाही.