काठाचा धागा

देवकीचा हात मागावर घडलेला. इब्रामपूरच्या या बाईने लग्नाआधी आठ वर्षं पंचे विणले, खाटांच्या नवारी विणल्या. माग बंद पडला तेव्हा शिलाई मशीन घेतलं, पण कापड हाती आलं की आधी काठ बघायची खोड काही गेली नाही. बनियनला तर ती कापडच म्हणत नसे. "नुसतो एका दोऱ्याचो गुंतो! उभो नाय, आडवो नाय. एक टाको सुटलो की गेला सगळा!"

नवरा सगुण पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. शेंड्याशी पोचलं की माडाभोवती पट्टा अडकवायचा आणि दोन्ही हात मोकळे करायचे. जुना पट्टा झिजला, म्हणून त्याने म्हापशाहून नायलॉनची नवार आणली. देवकीने तिला कड्या शिवल्या. चौपदरी शिलाई, बैलाने ओढली तरी तुटणार नाही असली! शेवटी काठाला एक धागा लोंबत होता, तो तिने कात्रीने टचकन उडवला. मागावरच्या नवारीला तसंच करतात. तिथे आडवा धागा काठाशी वळून परत आत शिरतो, शेपूट कापलं तरी काही बिघडत नाही.

सकाळी सगुण पट्टा घेऊन गेला आणि देवकी उरलेला तुकडा पिशवीला लावायला बसली. पुन्हा लोंबता धागा, पुन्हा कात्री. या खेपेला तिने टोक सहज ओढलं, तर ते येतच राहिलं. तरतर, तरतर. उभे दोरे मांडीवर सुटे पडले.

उरलेली दोन बोटं नवार तिने चष्मा लावून पाहिली. एक काठ विणलेला, दुसऱ्याला मात्र बनियनसारखे एकात एक अडकवलेले टाके. यंत्रावरची नवार! सगळे टाके त्या शेवटच्या धाग्यानेच धरून ठेवलेले. आडवा धागा निघाला की शिलाई धरणार कशाला? जळ्ळं माझं शहाणपण, आपल्याच हाताने कापला गो मी!

तिने सगुणला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. चढताना सगुण तो शर्टाबरोबर खाली ठेवी. आज पाडणी बागमालक कृष्णनाथ भाटकारांकडे होती. ती अनवाणीच त्यांच्या कुळागराकडे, माडांच्या बागेकडे धावली.

सगुण शेंड्यावर होता. पट्टा माडाभोवती अडकवलेला, पण अजून एका हाताने माडाला मिठी, दुसऱ्यात कोयता. देवकीने हाक मारायला तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबून धरलं. हाक ऐकून तो खाली बघणार, बघायला मागे कलणार, सगळा भार पट्ट्यावर येणार. ती फणसाआड उभी राहिली. देवा म्हाराजा, येवढो माड उतरू दे रे त्याका!

त्याने कोयता कमरेला खोवला. पट्टा सोडून उतरायला हात कडीकडे गेला.

तेवढ्यात भाटकार चहा घेऊन ओसरीवर आले, देवकीला पाहून खुशीत ओरडले, "सगुणा, बायल इली रे तुझी!"

"खंय?" म्हणत सगुण दोन्ही हात सोडून हसत मागे कलला. पट्टा सुटला तेव्हाही तो देवकीलाच शोधत होता.